'आणि इतर' म्हणजे नक्की कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्याकडे कितीतरी वर्षं येतोय आणि मी तो कायम शेवटच्या पानापासून वाचतो, आधी खेळ, मग श्रद्धांजल्या, वेळ उरला तर राजकारण. पत्रबित्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या, मोबाईलवर मराठी कीबोर्डने टाईप करतोय आणि चष्म्याचा नंबर बदललाय.

विषय तसा छोटाच आहे. हल्ली तुमच्याकडे एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या बातम्या येतात, चांगली गोष्ट आहे, आमच्या वेळी बास्केटबॉलची बातमी म्हणजे कॅरमच्या खाली दोन ओळी असायच्या. पण फेब्रुवारीत तिकडे ट्रेडची शेवटची तारीख असते ना, तेव्हा तुमची बातमी कशी असते बघा. अमुक स्टार या टीमकडून त्या टीमकडे, बदल्यात तमुक "आणि इतर तीन खेळाडू". संपलं. हे इतर तीन कोण? त्यांना आईबापाने नावं ठेवली नाहीत का? जागेची अडचण म्हणावी तर शेजारी त्याच स्टारच्या बुटांचा चार कॉलम फोटो. म्हटलं आता यावर एकदा लिहायचंच.

मला आयुष्यभर या इतरांचंच वेड. बाकीचे लेब्रॉन आणि करीचे पॉइंट मोजतात, मी बाकावरच्या शेवटच्या तीन खुर्च्या बघतो. आणि त्या खुर्च्यांचा राजा म्हणाल तर इश स्मिथ. नाव कुणाला माहीत नसेल, म्हणूनच सांगतो.

उंची सहा फूट. दादरच्या प्लॅटफॉर्मवर उठून दिसेल, एनबीएत बुटका. नॉर्थ कॅरोलायनात शार्लटच्या बाजूचा पोरगा, जन्म १९८८, वेक फॉरेस्टच्या कॉलेज टीममधून खेळला, तिथूनच आधी ख्रिस पॉल आला होता आणि त्याच्याही आधी मग्सी बोग्ज, पाच फूट तीन इंचाचा, आमच्या चाळीच्या न्हाणीत पण त्याला वाकावं लागलं नसतं. तर २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवी पोरं आळीपाळीने निवडतात तिथे, ६० नावं पुकारली, त्यात इशचं नाव नाही. कुणीही घेतलं नाही. तरी ह्यूस्टनच्या टीममध्ये शिरला आणि तिथून पुढं १४ सीझन टिकला, १३ वेगवेगळ्या टीममधून. ह्यूस्टन, मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑरलँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी, न्यू ऑर्लिन्स, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट, वॉशिंग्टन, शार्लट, डेन्व्हर. यातल्या काहींकडे दोनदोनदा, म्हणजे हाकलून परत बोलावलेला. लीगमध्ये टीमच आहेत ३०. जवळजवळ निम्म्या लीगची जर्सी याच्या कपाटात असणार. एनबीएच्या इतिहासात एवढ्या टीमकडून दुसरा कुणी खेळलेला नाही, त्याच्या आधी चार जणांचा १२ चा रेकॉर्ड होता.

आता गंमत ऐका. फेब्रुवारी २०११ ला ह्यूस्टनने शेन बॅटिएला मेम्फिसला पाठवलं, बॅटिए मोठं नाव, बदल्यात सात फूट तीन इंची हशीम थबीट आला जो दोन वर्षांपूर्वीच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरला गेलेला, साहजिकच सगळ्या हेडलाइन त्या दोघांच्या. त्या ट्रेडमध्ये बॅटिएच्या सोबत कोण गेला? इश स्मिथ. फेब्रुवारी २०१३, ऑरलँडोने जे.जे. रेडिकला मिलवॉकीला दिलं, तिकडून टोबायस हॅरिस आला, रेडिकच्या सोबत कोण? गुस्तावो आयोन आणि इश स्मिथ. त्याच ऑगस्टमध्ये मिलवॉकीला कॅरन बटलर पाहिजे होता, तो त्याच भागातला, रसीनचा, घरचा पोरगा घरी आला म्हणून कौतुक, आणि त्याच्या बदल्यात फिनिक्सला गेला कोण? क्राव्हत्सोव नावाचा एक युक्रेनी आणि आपला इश. २०२२ ला कॅल्डवेल-पोप डेन्व्हरला गेला तेव्हा सोबतीला परत हाच. मोठ्या माणसाच्या सामानाबरोबर लहान बॅग जाते ना, तसा हा माणूस दहा वर्षं जात होता. आणि प्रत्येक वेळी बातमीत "आणि इतर".

मी त्याला प्रत्यक्ष बघितलाय. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, २०१६ च्या जानेवारीत मी आणि सौ. त्याच्याकडे होतो, बाहेर बर्फ, घरात बसून मी वैतागलेलो, तर भाचा म्हणाला मामा चल तुला फिलाडेल्फियाची मॅच दाखवतो, तिकिटं स्वस्त आहेत. स्वस्त का, तर ती टीम त्या सीझनला पहिल्या ३१ मॅचपैकी ३० हरली होती. बरोबर वाचलंत, एक जिंकली. त्यांचा मॅनेजर सॅम हिंकी म्हणून होता, त्याचं धोरणच असं की आत्ता मरू दे, जेवढे खाली राहू तेवढा ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळायचा चान्स, मग दोनतीन वर्षांनी बघू. हे तिथले लोक उघड बोलत होते, त्याला प्रोसेस म्हणायचे. तर अशा टीमने २४ डिसेंबरला, ऐन नाताळच्या तोंडावर, न्यू ऑर्लिन्सला दुसऱ्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक देऊन इश स्मिथला परत आणला. परत, कारण आदल्या सीझनला शेवटचे दोन महिने तो यांच्याकडेच होता, चांगला खेळलेला, आणि यांनीच त्याला ठेवला नव्हता. आला आणि दोन दिवसांनी पहिल्याच मॅचला फिनिक्सला हरवलं. कोण फिनिक्स, ज्यांनी दीड वर्षापूर्वी त्याला नारळ दिला होता तेच.

आम्ही गेलो ती मॅच ते हरले, पण मी जे बघितलं ते सांगतो. इश यायच्या आधी त्या टीमची पोरं, बिचारी वीस-एकवीस वर्षांची, बॉल मिळाला की काय करायचं ते कळत नव्हतं म्हणे, भाचा सांगत होता. हा आला आणि नुसता पळायचा. बोर्डवरून बॉल सुटला की हा समोरच्या रिंगखाली, मग तिथून मागे बघून उंच पोरांना पास, वर जाऊन फक्त टाक. बॉल हातात असताना एवढा जोरात पळणारा माणूस मी नागपाड्याच्या कोर्टवर पण बघितला नव्हता आणि तिथं काय एकेक पळणारे होते. लांबून शूटिंग यथातथा, ते त्याचं दुखणं कायमचंच, त्याच्यामुळेच कुठं टिकायचा नाही असं माझं मत. पण मी बघत होतो टाइमआउटला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हा माणूस, तीनचार आठवडेच झालेत टीममध्ये, आणि कोचच्या बाजूला उभा राहून पोरांना हाताने दाखवतोय तू इथं, तू तिथं. म्हणजे प्लेबुक, टीमच्या ठरलेल्या चाली, याला पाठ, आणि ज्यांची टीम आहे त्यांना नाही. त्या सीझनला टीम १० जिंकली ७२ हरली, म्हणजे हा आल्यावर ९ आल्या. आणि उन्हाळ्यात टीमने काय केलं? जाऊ दिलं.

तर अशा खेळाडूला तिकडे जर्नीमन म्हणतात. तुमच्या एका लेखात त्याचं मराठी "भटका खेळाडू" केलं होतं. मला आधी वाटायचं ठीक आहे, जर्नी म्हणजे प्रवास, फिरतोय गावोगाव. पण भाचेसुनेने सांगितलं, ती तिकडे शाळेत शिकवते, की हा शब्द प्रवासावरून नाहीच आलेला, फ्रेंचमध्ये दिवसाला जुर्ने म्हणतात त्यावरून आलाय. जर्नीमन म्हणजे दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर. काम पूर्ण शिकलेला, उमेदवारी संपलेली, पण स्वतःचं दुकान नाही. म्हणजे रोजंदारीवाला हो! हे ऐकलं आणि मी त्या सोफ्यावर गप्पच झालो, कारण आमचे आप्पा तेच होते.

आप्पा गिरणीत बदली होते. आता तुमच्या तरुण वाचकांना बदली म्हटलं की ट्रान्सफर वाटेल, सरकारी नोकराची गडचिरोलीला होते ती. गिरणीतला बदली वेगळा. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, दांडी मारली, की त्याच्या जागी त्या दिवसापुरता जो घेतात तो बदली. त्याच्याकडे बदलीचं कार्ड असतं पण काम असेलच असं नाही. सातच्या पाळीला साडेसहालाच गेटवर जाऊन उभं राहायचं, डबा घेऊन, भोंगा झाला की आत कोण आलं कोण नाही बघून मुकादम बाहेर येणार आणि नावं पुकारणार. नाव आलं तर आत, नाही आलं तर तोच डबा घेऊन घरी, नाहीतर दुपारच्या पाळीला परत. आई डबा रोज करायची, कारण माहीतच नसायचं. आम्ही पोरं गल्लीत खेळताना आठच्या सुमारास आप्पा परत येताना दिसले की खेळ थांबवायचो नाही, फक्त आवाज जरा कमी करायचो.

आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बदलीला सगळी कामं यावी लागायची. कायमवाला साच्यावर, म्हणजे मागावर आहे तर आयुष्यभर साच्यावर, त्याचे दोन साचे, त्यांचे नखरे त्याला पाठ. बदलीला आज साचेखातं, उद्या वाइंडिंग, परवा कुठे तरी भलत्याच मशीनवर जिचा पट्टा कधी सटकतो हे फक्त गैरहजर माणसाला माहीत. गेल्या गेल्या दहा मिनिटांत समजून घ्यायचं, आजूबाजूच्यांशी जमवून घ्यायचं, चूक झाली तर उद्या नाव पुकारलं जाणार नाही. आप्पा नऊ वर्षं बदली होते. मग कायम झाले, पेढे वाटले, आणि मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख माणसं बाहेर, पुढचं तुम्हाला माहीत आहे. ते इथे नको.

म्हणून मला इश स्मिथच्या खेळात कौतुक कशाचं, तर त्याच्या डोक्याचं. तेरा टीम म्हणजे तेरा साचेखाती. प्रत्येक कोचची भाषा वेगळी, एकच मूव्ह एकाकडे एका नावाने दुसऱ्याकडे दुसऱ्या, खुणा वेगळ्या, कुणाला बॉल कुठे पाहिजे ते वेगळं. २०१४-१५ चा त्याचा सीझन घ्या, उन्हाळ्यात ह्यूस्टनने परत घेतलं, सीझन सुरू व्हायच्या आधीच सोडलं, नोव्हेंबरला ओक्लाहोमा सिटीने घेतलं कारण त्यांचे गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारे खेळाडू, जखमी, फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला ट्रेड, त्यांनी एकही मॅच न खेळवता नारळ, मग फिलाडेल्फिया. एका वर्षात चार गावं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या कॅम्पला गेला, तिथेही ऐनवेळी कापला, परत न्यू ऑर्लिन्स, परत फिलाडेल्फिया. आमच्याकडे माणूस लालबागमधून डोंबिवलीला शिफ्ट झाला तर वर्षभर रडतो, मी रडलोय.

आणि तिकडे गेटवर उभं राहायची पद्धत नियमात लिहिलेली आहे. प्रत्येक टीमला १५ पक्के करार, म्हणजे सगळ्या जगातून ४५० माणसं, वरून टू-वे करारवाले टीममागे तिघं, ते खालच्या जी लीगमध्ये खेळायचे आणि हाक आली की वर यायचं. मग ५ जानेवारीपासून दहा दिवसांचा करार सुरू होतो. हो, दहा दिवस! दहा दिवस किंवा तीन मॅच, जे जास्त असेल ते. एका टीमला एका माणसाबरोबर सीझनला असे दोनच करता येतात, तिसऱ्यांदा पाहिजे असेल तर सीझन संपेपर्यंतचा करार करा नाहीतर सोडा. ज्यांचा करार गॅरंटीचा नाही त्यांची तारीख १० जानेवारी, त्या दिवसापर्यंत टीमवर असलात तर त्या सीझनचा पगार पक्का. म्हणून दोनतीन दिवस आधी, ७ तारखेच्या आसपास, सगळीकडे कापाकापी. टीमने सोडलं की ४८ तास तुम्ही वेव्हरवर, त्या वेळात दुसऱ्या कुठल्या टीमने हात वर केला तर तिकडे जायचं, तुमची पसंती कुणी विचारत नाही. मला हे सगळं वाचताना एमआयडीसीतली कंत्राटी पोरं आठवली, २४० दिवस भरायच्या आधी ब्रेक देतात ती. तारखेच्या अलीकडे कापायचं हे शहाणपण जगात सगळीकडे सारखंच.

आता कुणी म्हणेल काका, तो मिलियनमध्ये कमावतो, तुमचे आप्पा कुठे आणि तो कुठे. मान्य. डेट्रॉइटने २०१६ ला त्याला तीन वर्षांचे १८ मिलियन डॉलर दिले, तेवढ्यात आमची अख्खी चाळ जमिनीसकट आली असती. तीन वर्षं लीगमध्ये काढली की पेन्शन पण लागू होतं तिथे, आणि २०१६ ला तीन वर्षंवाल्या निवृत्त खेळाडूंना मेडिकल पण, खेळाडूंच्या युनियनने स्वतःच ठरवून दिलेलं. गिरणीवाल्यांना काय मिळालं ते न बोललेलं बरं. मी पैशाची बरोबरी करत नाहीये. मी म्हणतोय ते सकाळी उठल्यावर पोटात जे होतं त्याच्याबद्दल, फोन वाजला की आधी एजंटचा आहे का बघायचं, ते. आणि इशला मोठा पैसा मिळाला तो नऊ टीम झाल्यावर, त्याच्या आधी सहा वर्षं त्याला पुढच्या महिन्याचं भाडं कुठल्या शहरात भरायचं ते ठाऊक नव्हतं. डेट्रॉइटला तीन सीझन राहिला, त्याचा एका गावातला सगळ्यात मोठा मुक्काम तो.

दुसरा गैरसमज म्हणजे असे खेळाडू कमी प्रतीचे असतात. १२ टीमवाले जे चार होते त्यांच्यात जो स्मिथ आहे, तो १९९५ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर होता. पहिला! केव्हिन गार्नेट त्या वर्षी पाचवा. जिम जॅक्सन १९९२ चा चौथा, शकील ओनीलच्या बॅचचा. म्हणजे वरून खाली आलेले पण आहेत आणि खालून तिथंच लोंबकळलेले पण आहेत. उरलेले दोघं चकी ब्राऊन आणि टोनी मॅसेनबर्ग, एक १९८९ चा एक १९९० चा, आणि दोघंही आपापल्या ड्राफ्टमध्ये बरोबर ४३ वे, हा योगायोग मला फार आवडतो, का ते विचारू नका.

चकी ब्राऊनबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. १९९५ च्या सुरुवातीला हा माणूस एनबीएत नव्हताच, खालच्या सीबीए लीगमध्ये याकिमा नावाच्या गावात खेळत होता, आपल्याकडे कुणी नाव पण ऐकलं नसेल. फेब्रुवारीत ह्यूस्टनला माणूस कमी पडला, दहा दिवसांवर बोलावलं, मग परत दहा दिवस, मग सीझनभर, आणि जूनमध्ये त्या ह्यूस्टनने फायनलला ऑरलँडोला ४-० धुतलं. हकीम ओलाजुवान, ड्रेक्सलर यांच्या फोटोत मागे चकी ब्राऊन पण आहे, चॅम्पियन टीमला देतात ती अंगठी त्याला पण. पुढच्याच उन्हाळ्यात, १९९६ ला, चार्ल्स बार्कली फिनिक्सहून ह्यूस्टनला आला, एवढी मोठी बातमी की आपल्याकडे पण छापून आली होती, आणि बदल्यात गेलेले चार जण म्हणजे सॅम कसेल, रॉबर्ट हॉरी, मार्क ब्रायंट आणि चकी ब्राऊन. मी ती बातमी मराठीत वाचल्याचं आठवतं. कसेल आणि इतर. हॉरीचं नावसुद्धा नव्हतं, ज्याने आयुष्यात एकूण सात अंगठ्या मिळवल्या, तो "इतर"!

आता आपल्याकडचं. आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये तेरा टीम बदलणं हे ऐकायलाच चमत्कारिक वाटतं कारण आपल्याकडे खेळायचंच मुळात एका टीमसाठी, कायम व्हायला. रेल्वे, बँक, पोलीस, ओएनजीसी. स्पोर्ट्स कोटा. आमच्या वेळी नागपाड्याला संध्याकाळी कोर्टवर जी पोरं यायची त्यांच्या डोक्यात एनबीए नव्हती, रेल्वेची ट्रायल होती. अब्बास मुंतसिर आमच्या आधीच्या पिढीतले, भारताचे कॅप्टन, १९७० चा अर्जुन पुरस्कार, नागपाड्याचेच, त्यांचं नाव घेतलं की सगळे सरळ उभे. मी लालबागहून भायखळ्यावरून चालत जायचो, बसचे पैसे वाचवून नंतर पाव मिसळ. सतरा वर्षांचा होतो, एका स्पर्धेसाठी टीममध्ये निवडलो गेलो, बारावा. बारा जणांची टीम, मी बारावा. दुसऱ्या दिवशी एका पेपरात (तुमच्या नव्हे, रागावू नका) संघ जाहीर झाला, नऊ नावं आणि पुढे "आणि इतर". आईला वाचता येत नव्हतं, तिने शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, त्यांनी पूर्ण वाचलं आणि म्हणाले वहिनी, नाव आहे, शेवटी आहे. भला माणूस. मला ट्रायलमध्ये रेल्वेने घेतलं नाही, बँकेनेही नाही, शेवटी परीक्षा देऊन क्लार्क झालो आणि एकाच ऑफिसात चौतीस वर्षं काढली, कायम. आप्पा जाईपर्यंत सगळ्यांना सांगायचे, पोरगा कायम आहे.

आपली पोरं आता त्या बाजाराच्या दारापर्यंत तरी पोचतायत. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ ला ५२ व्या नंबरवर डॅलसने घेतला, त्याची मोठी बातमी झाली, पण एनबीएत एक मॅच मिळाली नाही, खालच्या लीगमध्ये खेळला आणि पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. अमज्योत सिंग ओक्लाहोमाच्या खालच्या टीममध्ये खेळून आला. विशेष भृगुवंशी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जाऊन आला. आणि सिम भुल्लर, टोरंटोत वाढलेला, सात फूट पाच इंच, २०१५ च्या एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोने त्याला घेतला तो कसा, दहा दिवसांच्या करारावर! त्या टीमचे मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, म्हणजे आपल्या माणसानेच गेट उघडलं म्हणायचं. भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनबीएत उतरला तो पहिल्या मॅचला १६ सेकंद. एकूण तीन मॅच. नंतर तैवानला गेला आणि तिथे बरीच वर्षं खेळला, पोट भरलं, लोक ओळखायला लागले. आपल्या पेपरांनी त्या १६ सेकंदांवर पानं भरली आणि तैवानच्या वर्षांवर एक ओळ नाही. मला विचाराल तर करिअर तैवानमध्ये झालं.

दरवर्षी आमच्या सोसायटीतली एकदोन पोरं विचारतात काका, बास्केटबॉलमध्ये करिअर आहे का. त्यांच्या आईवडिलांसमोर दोनच चित्रं असतात, एक लेब्रॉन आणि एक फुकट गेलेला. मधलं काही छापूनच येत नाही ना. मधे काय असतं, तर हे असतं, दहा दिवस, चार गावं, नवं प्लेबुक, सुटकेस, तैवान, लेबनॉन, फिलिपाइन्स, तुर्कस्तान. कुणाला जमेल कुणाला नाही, पण ते आहे एवढं तरी कळू दे.

इशचं पुढं काय झालं ते राहिलं. डेन्व्हर ही त्याची तेरावी टीम, २०२२ च्या सुरुवातीच्या मॅचला कोर्टवर उतरला आणि रेकॉर्ड त्याच्या नावावर. त्या सीझनला तो फार खेळला नाही, प्लेऑफमध्ये तर बहुतेक बाकावरच, पुढे तरुण पोरं होती. पण १२ जून २०२३ ला डेन्व्हरने मायामीला ४-१ ने हरवून चॅम्पियनशिप घेतली, १९७६ मध्ये लीगमध्ये आल्यापासून त्यांची पहिली. त्यांचा स्टार योकिच मॅचनंतर म्हणे घरी कधी जायचं म्हणून विचारत होता, सगळे पेपर त्याच्यावर, आणि बरोबरच आहे, तेवढा तो खेळलाच. मी मात्र सकाळी सकाळी टीव्हीसमोर बसून मागची रांग शोधत होतो. कुठल्यातरी कोपऱ्यात इश दिसला, टोपी उलटी-सुलटी कशीतरी घातलेली, सगळ्यांना मिठ्या मारतोय. सौ. म्हणाली कोण तो. मी म्हटलं बदलीवाला, आत घेतला त्याला.

त्यानंतरच्या सीझनला तो परत शार्लटला गेला, घराजवळ, लहानपणी ज्यांच्या मॅच बघायचा त्या टीममध्ये. तीही टीम हरणारीच. काही लोकांचं नशीब असतं.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या फेब्रुवारीत ट्रेडची बातमी छापाल तेव्हा सगळी नावं छापा. चार नावं म्हणजे एक ओळ होते, मी मोजलंय. बुटांचा फोटो तीन कॉलम केला तरी चालतो.

कळावे,
आपला एक जुना वाचक
लालबाग (आता डोंबिवली पूर्व)

ता.क. पत्र मोठं झालंय हे मलाही दिसतंय, कापावं लागेल. कापायचं तर माझं नागपाड्याचं कापा, तैवानचंही कापलंत तरी चालेल. आप्पांचं आणि चकी ब्राऊनचं तेवढं राहू द्या.